कासव तिरकं चालतं

कुताइसीत बुद्धिबळाच्या पटावर उंट नसतो.
त्या जागी कासव असतं.
नावाचं कासव; जातं मात्र एका दमात
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
हे नाव कुणी ठेवलं, का ठेवलं,
नाझिब्रोलालाही माहीत नव्हतं,
आणि तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

तेव्हा म्हणजे एकतिसाव्या वर्षी.
डोळ्यांवर मफलर बांधून सहा पट एकदम खेळायची
चहाच्या कारखान्यातल्या क्लबात.
समोर सहा पुरुष, सहाही घामाघूम.
पट डोळ्यांपुढे दिसतो का, असं कुणी विचारलं
तर म्हणायची, दिसत नाही, जाणवतो,
अंधारात घरातली पायरी पायाला कळते तसा.

पण त्याच्याही आधी
ती तीन वर्षांची होती आणि डोक्यात रान माजलं होतं.
सगळ्याला सगळं जोडलेलं:
रिओनी नदीचा आवाज आणि काकाचं नाक,
मक्याच्या भाकरीचा वास आणि मंगळवार.
बाप द्राक्षवेलींचा माणूस. फेब्रुवारीत कात्री घेऊन
दहातले आठ फुटवे उतरवायचा. ती रडायची.
"सगळे ठेवले तर एकही घड धरायचा नाही, बये."
तिच्याही आत कुणीतरी तेच करत होतं,
रात्री, झोपेत, कात्री न वाजवता.
आपण म्हणतो, पोर शिकतंय.
पोर आधी विसरतं.
उरतं त्याला पुढे अक्कल म्हणतात.

पन्नाशीत वेग गेला.
मिसरूड न फुटलेली पोरं तिला घड्याळावर हरवू लागली.
एकदा तिनं ते घड्याळच भिरकावलं
खिडकीतून, कोंबड्यांवर.
मग लक्षात आलं, आपण आता मोजतच नाही.
पुढच्या दहा चाली बघायचं सोडून
पटाकडे पाहून नुसतं "हं" म्हणतो,
शेजारीण नळावर आली की तिच्या चालण्यावरून
घरातलं भांडण कळावं, तसं.
ते "हं" बहुतेक वेळा बरोबर निघायचं.
तिला वाटलं, हे असंच राहील.

आज ती शहाऐंशीची.
मनाना, मुलगी, रोज सकाळी वार विचारते.
ती रोज मंगळवार सांगते.
आठवड्यातून एकदा पास होते.
मनाना भाकरी उलटते तव्यावर, मक्याची,
आणि डॉक्टरांच्या वहीत फुली मारते.

ही कात्री वेगळी. हिला घड नकोत.
शेंड्याकडून खाली येते:
आधी पणतू, मग जावई, मग नवरा ओतार,
अख्खा ओतार, त्याच्या खोकल्यासकट.

दुपारी शेजारचा बाचो येतो, आठ वर्षांचा,
पुढचे दोन दात पडलेला, जिंकायची घाई असलेला.
पट तोच, बापाचा. हरवलेल्या एका प्याद्याच्या जागी
लष्करी कोटाचं पितळी बटण;
कोट परत आला होता, माणूस नव्हता.
ती बटण सरकवते. बरोबर.
घोडा. बरोबर.
मग कासव उचलते
आणि सरळ ठेवते, दोन घरं पुढे.

"असं नाही चालत," बाचो म्हणतो.
"चालतं. माझ्या बाबांना विचार."
"कुठे आहेत ते?"
"वेली छाटतायत."

बाचो अंगणात जातो.
जून महिना, छाटणीचा नव्हे. मांडवावर पानं दाट,
खाली एक खुर्ची, खुर्चीवर मांजर.
कुणालातरी विचारून यायला लागेल
तेवढा वेळ तो तिथे उभा राहतो.
मग परत येतो.
"ते म्हणाले, तिरकं."

ती कासवाकडे बघते. मग बाचोकडे.
"हं," म्हणते,
आणि कासव तिरकं नेते, नेमकं त्याच घरात
जिथून बाचोचा वजीर कचाट्यात येतो.

आता चाल कुणाची, तिला आठवत नाही.
बाचोला आठवतं.
तो जिभेनं दाताची रिकामी जागा चाचपत
बराच वेळ गप्प बसतो.